कोर्टाची पायरी

इथे सगळे त्यांना कॅझ म्हणत,
शिपायापासून न्यायाधीशापर्यंत.
मी एकोणीस वर्षं मनातल्या मनात
वकीलसाहेबच म्हणत राहिले.
मिरजेच्या मुलीच्या जिभेला
वडीलधाऱ्याचं नाव असं नुसतं घेववत नाही.

एरी गावात, चांभाराच्या दुकानावर,
दोन खोल्यांचं ऑफिस.
तळ्यावरचा बर्फ खिडकीच्या फटीतून
थेट माझ्या टाइपरायटरवर यायचा.
फटीत त्यांनी हरलेल्या दाव्यांचे कागद कोंबले.
म्हणाले, निदान वारा तरी अडवतील.

पहिल्याच महिन्यात मी आमची म्हण सांगितली :
शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.
इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.
मग पुसतापुसताच म्हणाले,
खरं आहे. शहाण्यांना वकील लागतोच कशाला?

कोर्टाच्या दारात खिसे रिकामे करायचे :
किल्ल्या, पेपरमिंटच्या गोळ्या,
आणि काळ्या मण्यांची जपमाळ.
पहारेकरी ओटिस ट्रे पुढे सरकवत रोज विचारायचा,
आज कुणासाठी?
ते नाव सांगायचे.
कधीकधी ते नाव प्रतिपक्षाचं असायचं.

राखेच्या बुधवारी कपाळावर काळा टिळा.
समोरच्या वकिलाला वाटलं शाई लागली,
त्याने रुमाल पुढे केला.
राहू दे, म्हणाले,
आज माझ्याकडे एवढाच पुरावा आहे.

साधू नव्हते हं.
गाडी चालवायचे तर मी डोळे मिटून बसायची.
एकदा फाइल भिंतीवर भिरकावली,
आणि दोघांनी गुडघ्यांवर बसून पानं लावली,
क्रमांक चुकवत, एकमेकांकडे न बघता.
थोरल्याशी, टॉबियसशी, चार वर्षं अबोला.
साऱ्या गावाची भांडणं मिटवणारा माणूस
स्वतःच्या मुलाला सहा ओळींचं पत्र सांगायला बसला,
मला तीनदा वाचायला लावलं,
फाडलं,
आणि कोट न घालताच गाडी काढून
टोलीडोला निघून गेला.

बाकीची पाच पोरं चारनंतर फोन करायची.
मजकूर सांगताना मधेच अपूर्णांक.
"आधी छेद समान कर, रीटा"
हे वाक्य मी एका खरेदीखतात टाइप केलं,
आणि न्यायाधीशांनी ते मोठ्याने वाचलं.

डेलचा खटला हरलो. बावीस वर्षं.
दर पहिल्या शनिवारी दोन तास गाडी हाकून
तुरुंगात जायचे.
मी एकदा म्हटलं, अपिलं तर संपली.
अपिलं संपली, म्हणाले,
डेल थोडाच संपलाय?

शेवटी शेवटी बर्नडीनबाईंना काही आठवेना.
ऑफिसात माझ्या शेजारी बसवून ठेवायचे,
मांडीवर लोकरीची शाल, हातात कोरा कागद.
हा भला माणूस कोण, त्या विचारायच्या.
मी तुमचा वकील, ते म्हणायचे,
तिरके न होता, मान लववून,
बावन्न वर्षांच्या संसारानंतर.

काल त्यांना नेलं.
चर्चच्या पायऱ्यांवर टॉबियस मीठ टाकत होता,
मूठ मूठ, पेरल्यासारखं.
ओटिस गणवेशात आला होता. डेलही,
दंडांत न मावणाऱ्या उसन्या कोटात.
मी खाली थबकले,
माझ्या त्या म्हणीपाशी,
मग कठडा धरून चढले.

आत फादर म्हणाले, प्रभू तुम्हांबरोबर असो.
नवऱ्याचं नाव हरवलेल्या त्या बाईने
सगळ्यांच्या आधी, स्पष्ट, उत्तर दिलं :
आणि तुमच्याबरोबरही.

नंतर गर्दीत माझी बाही धरली.
माझे वकील आले का?

पुढे गेलेत, मी म्हटलं,
जागा धरायला.